पंधरावा कागद

रायना आत्या सोफिया शहराच्या विमानतळावरून बाहेर आली तेव्हा तिला वारून पन्नास वर्षं आणि बारा दिवस झाले होते. तब्येत उत्तम होती. उन्हानं रापलेला चेहरा, पोराच्या कापतात तसे कापलेले पांढरे केस, आणि ॲडलेडहून ओढत आणलेली लालभडक बॅग. तिनं नेवेनाला असं कवटाळलं की नेवेनाच्या चष्म्याची काडी वाकली.

"थेट घरी," आत्या म्हणाली. "आधी दादाला बघू दे. बाकीचं मग."

"आधी जरा शहर बघू या की."

"अगं, मी इथं जन्मले. मला कसलं शहर दाखवतेस?"

"फार बदललंय."

नेवेना शाळेत भूगोल शिकवायची. बावीस वर्षांत तिनं एवढं हेरलं होतं की सहलीतल्या माणसाला विचार करायला उसंत दिली की तो घरी जायचं म्हणतो. तिनं बॅग डिकीत कोंबली, आत्याला पुढच्या सीटवर बसवलं, आणि बाबा राहत त्या नादेझ्दा वस्तीकडे वळायचा रस्ता आला तेव्हा मुद्दाम उजवीकडच्या जाहिरातीकडे बोट दाखवलं. जाहिरात डोकेदुखीच्या गोळ्यांची होती. त्यांची गरज नेवेनाला पहाटे पाचपासूनच होती.

पहाटे पाचला आत्याचा दोह्याहून फोन आला होता. "मी विचारलं नाही या वेळी," ती म्हणाली होती. "विचारलं की तुम्ही नाही म्हणता. दहाला उतरते." बाबांनी फोन ठेवला आणि खुर्चीत बसले. आई म्हणाली, "झालं? मी गेली पन्नास वर्षं काय सांगत होते?" बाबांनी मग नेवेनाला फोन केला. ऐंशी वर्षांचा माणूस, लिफ्टच्या कारखान्यातून मुख्य इंजिनियर म्हणून निवृत्त झालेला, पोरीला म्हणाला, "बेटा, मला दुपारपर्यंतचा वेळ दे. तिनं ते कागद बघितले तर ती आल्या पावली परत जाईल. वर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

कागद म्हणजे तेच, जे इथं प्रत्येक घराच्या दारावर कधी ना कधी लागतात. काळी चौकट, मध्ये फोटो, खाली नाव, साल आणि दोन ओळी दुःखाच्या. चाळीसाव्या दिवशी एक, सहा महिन्यांनी एक, मग दरवर्षी. इमारतीच्या दारावर, ट्रॅमच्या थांब्यावर, विजेच्या खांबावर, झाडावर. ते कोणी काढत नाही. ऊन काढतं, पाऊस काढतो. माणसानं काढणं म्हणजे गेलेल्याला पुन्हा एकदा मारणं.

आत्या मेली त्याचं असं झालं. चौऱ्याहत्तर साली ती गिरणीच्या गाणाऱ्या पथकाबरोबर बेलग्रेडला गेली. पथक दोन गाणी गाऊन परतलं. आत्या पुढे सरकत सरकत इटलीत निघाली. त्याच महिन्यात बाबांना नादेझ्दामध्ये नव्या इमारतीत घर मिळालं. सातवा मजला, दोन खोल्या, सात वर्षं यादीत नाव. पळालेल्या बाईच्या भावाला तिथं कोणी राहू दिलं नसतं. शेजारच्या लांबोवा बाईंनी पहिल्याच आठवड्यात कपाटावरचा फोटो पाहिला आणि विचारलं, "ही कोण?" बाबा घाबरले. घाबरलेला माणूस जे पहिलं सुचतं ते बोलतो. "बहीण," ते म्हणाले. "होती."

"अगंबाई! कशानं?"

"समुद्रात. वार्नाला."

दुसऱ्या दिवशी लांबोवा बाई साखर घालून उकडलेले गहू घेऊन आल्या, मेलेल्याच्या नावानं वाटतात तसे. अख्ख्या जिन्यानं ते खाल्ले. त्यानंतर माघार नव्हती. कागद न लावणारा भाऊ म्हणजे दगडाच्या काळजाचा भाऊ, आणि नव्या घरात तेही परवडणारं नव्हतं. कम्युनिस्ट राजवट गेली, लांबोवा बाई सोसायटीच्या प्रमुख झाल्या, आत्याची पत्रं पेर्निकच्या मावशीच्या पत्त्यावर येत राहिली, आणि बाबा दर मे महिन्यात कागद लावत राहिले. जिनाभर लोकांना बोलावून "ती जिवंत आहे, तुमचे गहू फुकट गेले" असं सांगायला जे धाडस लागतं, ते लिफ्टच्या कारखान्यात तयार होत नसे.

यंदा पन्नासावं वर्ष, म्हणून कागद रंगीत होता.

"ते पांढरं थडगं कुठं गेलं?" आत्यानं विचारलं. गाडी लावून दोघी पिवळ्या फरशीवरून चालत होत्या. "इथंच होतं ना? शाळेतून आम्हाला रांगेनं आणायचे. आत पुढारी झोपलेला."

"पाडलं. सुरुंग लावून."

"एका दणक्यात?"

"छे. पहिल्या दणक्याला नुसतं वाकडं झालं. पुन्हा पुन्हा लावावा लागला."

"मेलेली माणसं अशीच," आत्या म्हणाली. "जागा सोडत नाहीत."

नेवेनाला ठसका लागला.

तिनं आत्याला सोनेरी घुमटांचं मोठं चर्च दाखवलं. मग त्याच्या मागचं छोटं चर्च. मग मेट्रोच्या स्टेशनात काचेखाली दिसणारा रोमन रस्ता. आत्या काचेवर उभी राहून म्हणाली, "आमच्या वेळी इथं भाजी मिळायची." मग बागेतला बुद्धिबळाचा कट्टा. तिथं आत्यानं उभ्या उभ्या एका म्हाताऱ्याला घोडा कुठं न्यायचा ते सांगितलं, म्हातारा हरला, आणि दोघींना तिथून जरा घाईनं निघावं लागलं. आत्या खदखदून हसत होती. नेवेनाही हसत होती; बाबांनी दिलेली शिक्षा बघता बघता सुट्टी होऊ लागली होती, याची तिला थोडी लाज वाटली.

अकरा वाजून चाळीस मिनिटांनी फोन वाजला.

"सात निघाले," बाबा धापा टाकत म्हणाले. "गोंद फार चांगला लावला होता मी."

"कोण आहे गं?" आत्यानं विचारलं.

"बाबा. घर आवरतायत."

"माझ्यासाठी?" आत्याचा चेहरा असा उजळला की नेवेनानं नजर बागेकडे वळवली.

भाकरीच्या भट्टीजवळच्या दुकानात दोघींनी गरम बानित्सा घेतली, पदर सुटणारी, आत चीज भरलेली, आणि पेलाभर बोझा. आत्यानं तो घट्ट आंबूस घोट घेतला, डोळे मिटले, ओठावरची बोझाची मिशी जिभेनं पुसली आणि म्हणाली, "पन्नास वर्षं मी हे आठवत होते. इतकं वाईट असतं हे विसरलेच होते." तरी संपवला. मग पेला खाली ठेवून बोटानं कडा पुसत बसली.

"नेवे, एक विचारू? खरं सांग."

"विचार."

"दादाला मी आलेलं हवं होतं का?"

"म्हणजे काय, आत्या!"

"नाही, हे तू पटकन बोललीस. बघ, मी एक्क्याण्णवला विचारलं, येऊ का? तर म्हणाला वीज नसते. सत्त्याण्णवला म्हणाला सरकार नाही. पुढं एकदा म्हणाला लिफ्ट बंद आहे. अगं, लिफ्टचा इंजिनियर! त्यानंतर एकदा म्हणाला कबुतरं फार झाली आहेत." ती हसली, पण या वेळी आवाज आला नाही. "एत्तोरे होता तोवर मी म्हणायचे, जाऊ दे, माझा नवरा आहे, घर आहे. आता तो नाही. विमानात सोळा तास एकच विचार करत होते. मी पळाले म्हणून दादाचं काहीतरी फार मोठं नुकसान झालं असणार. तो बोलत नाही एवढंच. माझ्यावर राग धरून बसलाय."

नेवेनाच्या तोंडात बानित्साचा घास होता. सगळं सांगून टाकावं असं तिला वाटलं. मग धापा टाकणारे बाबा आठवले. तिनं घास गिळला आणि ती म्हणाली, "चल, झऱ्यावर जाऊ. गरम पाणी पी. बरं वाटेल."

जुन्या स्नानगृहामागं गरम झऱ्याचे नळ आहेत. तिथं दिवसभर लोक प्लॅस्टिकच्या बाटल्या भरत असतात, आणि भरता भरता सरकारला, सुनांना आणि हवामानाला नावं ठेवतात. आत्यानं हाताची ओंजळ केली. नेवेनाचा फोन वाजला. ती चार पावलं बाजूला गेली.

"तेरा झाले," आई म्हणाली. "लांबोवा बाई बाजारातून परत आल्या. इमारतीच्या दारावरचा एवढा राहिलाय, आणि तुझे बाबा त्यासाठी शिडी लावतायत. पन्नासाव्या वर्षी उंच लावायचा मान असतो म्हणे. मी सांगितलं, मरू दे तो कागद, रायनाला खरं सांगा. ऐकतात कुठं."

"म्हणजे तो चौदावा. मग झालंच की."

"झालंच कसं? छापखान्यात दरवर्षी पंधरा छापतात. मी मोजते ना. पंधरावा कुठं लावतात ते मला आजवर सांगितलेलं नाही. विचारलं की बाटल्या उचलतात आणि पाणी आणायला निघून जातात."

नेवेनानं फोन कानावरून काढायच्या आत मान वळवली. आत्या नळापाशी नव्हती. ती पलीकडच्या लिंडनच्या झाडापुढं उभी होती, पर्समधून चष्मा काढत.

नेवेना धावली. भूगोलाच्या बाईंना साजेल असं ते धावणं नव्हतं.

"आत्या..."

"थांब. वाचतेय."

काळ्या चौकटीत चोवीस वर्षांची रायना हसत होती, मानेपर्यंत कुरळे केस, कोटाची कॉलर वर. *पन्नास वर्षं तुझ्याविना. दुःखी: भाऊ आसेन आणि कुटुंबीय.* आत्यानं ते एकदा वाचलं. मग पहिल्यापासून पुन्हा वाचलं.

"जन्मसाल चुकलंय," ती म्हणाली. "अठ्ठेचाळीस नव्हे, पन्नास. आणि हा कोट दोंकावहिनीचा, तुझ्या आईचा आहे. परत करायचा राहिला." मग तिनं चष्मा काढला. "मी मेले का गं?"

नेवेनानं सगळं सांगितलं. घर, फोटो, घाबरलेले बाबा, वार्नाचा समुद्र, उकडलेले गहू. सांगताना तिला कळत होतं की ही गोष्ट कशीही सांगितली तरी तिच्या बाबांना त्यात चांगलं काम मिळत नाही. शेवटी नेवेना म्हणाली, "शेजाऱ्यांची भीती होती, आत्या. फक्त तेवढंच."

"शेजारी नादेझ्दात राहतात," आत्या म्हणाली. "इथं कोण राहतं? इथं कोणाला फसवायचं होतं?"

याचं उत्तर दुसऱ्याच बाईकडे होतं. सहा बाटल्या घेऊन नळापाशी बसलेली एक जाडजूड बाई मघापासून कान टवकारून होती; तिच्यानं आता राहवेना.

"त्या म्हाताऱ्याच्या ओळखीच्या का तुम्ही? दरवर्षी येतो बिचारा. कागद लावतो, हात फिरवून सुरकुत्या काढतो, बाटल्या भरतो आणि उगाच उभा राहतो. मी एकदा म्हटलं, बसा की बाबा. तर म्हणाला, आम्ही लहानपणी इथंच यायचो, ती माझ्या अंगावर पाणी उडवायची. बायकोवर फार जीव असणार."

"बायको नाही," आत्या म्हणाली. "बहीण."

"बहिणीसाठी?" बाईनं बाटलीचं बूच लावता लावता विचार केला. "माझा भाऊ मला वाढदिवसाला फोनसुद्धा करत नाही."

आत्याच्या खांद्यांना हिसका बसला. नेवेनाला वाटलं, रडतेय. आत्या रडतही होती, पण मुख्यतः हसत होती. नळावरच्या सगळ्या बाटल्या थबकाव्यात इतकी. "वीज नाही! कबुतरं! अगं, आणि मी समजत होते त्याला मी नको आहे!" ती झाडाला धरून हसली. "ते गाढव मला लाजत होतं!" मग डोळे पुसून तिनं कागदाचं कोपऱ्यातलं टोक नखानं उचललं आणि हलक्या हातानं सोलायला लागली.

"ए बाई!" सहा बाटल्यांवाली किंचाळली. "लाज नाही वाटत? मेलेल्या माणसाचा कागद काढतेस?"

"माझाच आहे."

बाईनं कागदाकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे पाहिलं आणि छातीवर क्रूस काढला. "केस तेव्हा बरे होते," ती म्हणाली.

फोन पुन्हा वाजला. बाबांचं नाव दिसत होतं. आत्यानं नेवेनाच्या हातातून फोन घेतला, बंद केला आणि आपल्या पर्समध्ये टाकला. नेवेनानं हरकत घेतली नाही. सकाळपासून ती बाबांच्या बाजूनं लढत होती. बाजू बदलायला तिला गाडीची किल्ली फिरवण्याइतकाच वेळ लागला.

इमारतीपुढं त्या पोचल्या तेव्हा लढाई ऐन भरात होती. दारावर शिडी लावलेली. शिडीच्या वरच्या पायरीवर बाबा, हातात पुट्टी खरवडायची पट्टी. दाराला टेकून आई, हाताची घडी घालून, कोणाच्याच बाजूनं नसलेली. आणि शिडीचे दोन्ही पाय घट्ट धरून, वर तोंड करून, पंच्याऐंशी वर्षांच्या लांबोवा बाई.

"खाली उतरा, इंजिनियर! शरम वाटू द्या! पन्नास वर्षं झाली म्हणून बहीण परकी होते का?"

"लांबोवा बाई, शिडी हलतेय..."

"हलू दे! तेरा कागद काढलेत यांनी, तेरा! मी खांब मोजत आलेय. बिचारी पाण्यात बुडून मेली, तिला एक थडगंसुद्धा नाही, हा कागद तेवढा आहे, तोही खरवडतायत! बहीण ती बहीण!"

"बरोबर बोलतात या," मागून आत्या म्हणाली. "बहीण ती बहीण."

"बघा!" लांबोवा बाईंनी मागं न बघताच हात फेकला. "रस्त्यावरच्या परक्या बाईला कळतं, आणि यांना नाही!"

बाबांनी मात्र खाली पाहिलं. त्यांच्या हातातली पट्टी सुटली आणि पायरीपायरीवर वाजत खाली आली.

"रायने," ते म्हणाले.

लांबोवा बाई हळूच वळल्या. त्यांनी आत्याकडे पाहिलं, मग दारावरच्या अर्ध्या निघालेल्या रंगीत फोटोकडे. फोटोत आता फक्त एक डोळा आणि हसू उरलं होतं, पण तेवढं पुरेसं होतं.

"दादा, उतर खाली."

"नाही उतरता येत," बाबा म्हणाले. अडतीस वर्षं माणसांना वर-खाली नेण्याचा धंदा केलेला माणूस सातव्या पायरीवर अडकला होता. "तू कागद बघितलास."

"एकच बघितला, पण पंधराच्या पंधरा बघितल्यासारखा. झऱ्यावरचा."

बाबांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

आत्यानं पर्स नेवेनाच्या हातात दिली. मग ती शिडी चढू लागली. चौथ्या पायरीशी दम संपला. तिथून हात वर केला तर बाबांचा बूट हाताला लागत होता. तिनं तो बूट धरला, घट्ट, पळून जाणाऱ्या पोराचा धरतात तसा.

"मला वाटलं तुला मी नकोय," ती म्हणाली. "तीस वर्षं मला वाटत होतं. एवढंच का सांगितलं नाहीस, की बाई, तू मेलीयस, जरा थांब?"

"कसं सांगणार?" बाबांचा आवाज भिंतीतून आल्यासारखा आला. "गहू खाल्ले होते ना सगळ्यांनी."

आई हसायला लागली. पहिल्यांदा नाकातून, मग तोंडातून, मग दाराला धरून. ते पाहून नेवेना, आणि शिडीवर बूट धरलेली आत्या. शिडी अशी गदगदली की लांबोवा बाईंना ती पुन्हा दोन्ही हातांनी पकडावी लागली. बहीण-भाऊ एकेक पायरी करत खाली आले, आधी ती, मग तो. तिनं बूट जमिनीपर्यंत सोडला नाही.

लांबोवा बाई मात्र हसत नव्हत्या. शिडी जागेवर असल्याची खात्री करून त्या आत्यापुढं येऊन उभ्या राहिल्या. कमरेतून वाकलेल्या, त्यामुळे त्यांना मान वर करून बोलावं लागत होतं.

"पन्नास वर्षं," त्या म्हणाल्या. "दर रविवारी चर्चमध्ये मी तुमच्यासाठी मेणबत्ती लावतेय. खालच्या वाळूत. मेलेल्यांच्या खणात. वाकून वाकून माझी कंबर अशी झाली."

बाबा काहीतरी बोलायला गेले. आईनं त्यांच्या पायावर पाय दिला.

"माझ्या आईनंसुद्धा एवढं केलं नसतं," आत्या म्हणाली. हसू गेलं होतं. "आता मी काय करू तुमच्यासाठी?"

"तुम्ही काय करणार? आता ती वर लावायला हवी, जिवंतांच्या खणात. आणि वर माझा हात पोचत नाही."

"मी उचलून धरीन तुम्हाला. रविवारी जाऊ दोघी."

लांबोवा बाईंनी तिला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं, दंड चाचपून पाहिला, आणि मग खाली पडलेली पट्टी उचलून बाबांच्या हातात दिली, दारावरच्या उरलेल्या अर्ध्या कागदाकडे हनुवटीनं खूण करत.

"नऊ वाजता," त्या आत्याला म्हणाल्या. "आणि उशीर करू नका. झाला तेवढा पुरे."